लपवलेला टास्कबार सारखा वर येतोय? आधी त्याला कोण बोलावतंय ते बघा

"दादा, खालची पट्टी परत वर यायलीय. काई केलं तरी खाली जाईना. पार्टी समोर बसलीय, नावं दुरुस्त करायचीत, आन् नावंच दिसंनात."

जिंतूरच्या एका ताईंचा हा फोन. त्यांचं डीटीपीचं दुकान आहे, लगनसराईत दिवसाला आठ-दहा पत्रिका बसवतात. मी सेलूला असतो आणि आमच्या भागातल्या डीटीपीवाल्यांची, सेवा केंद्रांची मशीनं बघतो. त्या महिन्यात याच तक्रारीचा त्यांचा हा तिसरा फोन होता. पहिल्या वेळी मी सांगितलं, टास्कबार (म्हणजे पडद्याच्या तळाची, स्टार्टचं बटण आणि घड्याळ असलेली हीच पट्टी) लपवायची सेटिंग बंद करून परत चालू करा. पट्टी गेली. दुसऱ्या वेळी सांगितलं, मशीन रिस्टार्ट करा. तेव्हाही गेली. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा लक्षात आलं की दोन्ही वेळा मी नाडी न बघताच औषध दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जिंतूर गाठलं आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून दुपारपर्यंत नुसता बघत बसलो. पट्टी पंधरा-वीस वेळा वर आली. कारण एक नव्हतं, चार होती. प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून एका इलाजानं ती कधीच कायमची जात नव्हती.

"लपवताच कशाला, कायम दिसू द्या की टास्कबार," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोठा मॉनिटर असेल तर त्यांचं बरोबर आहे. पण आपल्याकडच्या दुकानांत अजून साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे मॉनिटर भरपूर आहेत. उंची ७६८ पिक्सेल, आणि विंडोज ११ चा टास्कबार त्यातले ४८ घेतो. म्हणजे पडद्याचा बरोबर सोळावा हिस्सा. विंडोज १० मध्ये तो ४० पिक्सेलचा असतो. त्यात कोरलड्रॉचा, म्हणजे पत्रिका बसवायच्या प्रोग्रामचा, मेन्यू, टूलबार आणि रूलर वरून जागा खातात, पानांचे टॅब आणि स्टेटस बार खालून.

आणि पत्रिकेचं काम असतं ते खालीच. वरचा भाग ठरलेला आहे: गणपती, कुलदैवत, चि., चि. सौ. कां., मुहूर्त, स्थळ. त्यात फार तर तारीख नाहीतर वार चुकतो. खरी कसोटी खालच्या नावांच्या गर्दीत लागते. चुलते, मामा, मावसे, आत्याचे यजमान, व्यवस्थापक, निमंत्रक, समस्त गावकरी मंडळी, आणि शेवटी लहान लेकरांची किलबिल. एक नाव राहिलं किंवा वरचं खाली झालं तर घरात वर्षभर बोलणं होतं. पार्टी समोर बसून बोट दाखवते ती याच भागाकडे, आणि पट्टी येऊन बसते तीही याच भागावर. म्हणून ताईंनी टास्कबार लपवला होता, आणि तो लपलेलाच राहायला पाहिजे हा त्यांचा हट्ट रास्त होता.

ज्यांनी अजून लपवला नाही त्यांच्यासाठी रस्ता सांगून ठेवतो. टास्कबारच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडा. विंडोज ११ असेल तर तिथं खाली "टास्कबार बिहेवियर्स" आहे, ते उघडल्यावर "ऑटोमॅटिकली हाइड द टास्कबार" वर टिक करायची. विंडोज १० मध्ये त्याच पानावर "ऑटोमॅटिकली हाइड द टास्कबार इन डेस्कटॉप मोड" असं बटण आहे. ही सोय नवी नाही. टास्कबार आला १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर, आणि लपायची सोय तेव्हापासूनच आहे.

लपला म्हणजे टास्कबार बंद झाला, असं मात्र समजू नका. पडद्याच्या अगदी खालच्या कडेला त्याची एक बारीक रेघ जागी असते. माउसचा बाण त्या रेघेला टेकला की तो वर येतो. विंडोजची की दाबली की येतो. आणि एखाद्या प्रोग्रामनं हाक मारली तरी येतो. हे तिसरं बहुतेकांना माहीत नसतं, आणि सगळ्यात जास्त त्रास त्याचाच आहे.

म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी एकच गोष्ट नीट बघा. पट्टी वर येते तेव्हा तुमचा हात कुठं आहे, आणि आल्यावर ती जाते की बसते? माउस खाली नेल्यावर येत असेल आणि माउस वर घेतला की जात असेल, तर प्रश्न हाताचा आणि कडेचा आहे. दोन्ही हात कीबोर्डवर असताना येत असेल आणि येऊन बसत असेल, तर कुणीतरी हाक मारतंय. कुणी हाक मारत नाही, माउसही खाली नाही, तरी ती बसूनच आहे, तर विंडोजचाच एक भाग अडकलाय. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

हाक मारणारे प्रोग्राम

ताईंच्या मशीनवर त्या सकाळी पट्टी पहिल्यांदा आली तेव्हा त्या मॅटर टाइप करत होत्या. माउसला हात नव्हता. पट्टी आली ती बसलीच. त्यांनी सवयीनं माउस वर-खाली केला, दोनदा एस्केप दाबलं, पट्टी हलली नाही. मी म्हणलं, ताई, आता काहीच करू नका, फक्त पट्टीवरची बटणं बघा. एक बटण लालसर झालं होतं. ते प्रिंटरबरोबर आलेल्या प्रोग्रामचं होतं. शाई कमी झाल्याची त्याची छोटी खिडकी कोरलड्रॉच्या मागं उघडली होती आणि कुणी तरी बघावं म्हणून वाट बघत होती. तिच्यावर क्लिक केलं, ओके म्हणलं, आणि पट्टी आपोआप खाली गेली.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. तुम्ही एका प्रोग्राममध्ये टाइप करताना दुसऱ्यानं एकदम पुढं उडी मारली तर तुमची अक्षरं भलत्याच खिडकीत जातील. म्हणून विंडोज त्याला सहसा पुढं येऊ देत नाही. त्याऐवजी टास्कबारवरचं बटण लुकलुकवायची परवानगी देतं. पण टास्कबारच लपलेला असेल तर ते बटण दिसणार कसं? मग विंडोज टास्कबार वर काढतं, आणि तुम्ही त्या बटणाकडे बघेपर्यंत तसाच ठेवतं. म्हणजे इथं काहीही बिघडलेलं नसतं. व्यवस्था नेमून दिलेलं काम करत असते. म्हणूनच रिस्टार्ट केल्यावर हा त्रास तात्पुरता जातो आणि दुसऱ्या दिवशी शाईवाला प्रोग्राम परत हाक मारतो.

त्यामुळे पट्टी येऊन बसली की पहिली सवय ही लावा: लुकलुकणारं बटण शोधा. विंडोज १० मध्ये ते नारंगी होतं, ११ मध्ये लालसर छटा येते. त्यावर क्लिक करा, त्याचं म्हणणं वाचा, उत्तर द्या. बटण दिसलं नाही तर उजवीकडे घड्याळाजवळ वर तोंड केलेला छोटा बाण असतो, तो उघडा. तिथं लपलेल्या चिन्हांपैकी एखादं लक्ष मागत असतं.

हाक मारणारा कोण ते कळलं की कायमचा बंदोबस्त करता येतो. विंडोज ११ मध्ये हे सोपं आहे. त्याच टास्कबार बिहेवियर्समध्ये "शो फ्लॅशिंग ऑन टास्कबार ॲप्स" अशी टिक आहे, ती काढायची. ताईंच्या मशीनवर ही टिक काढल्यावर आपोआप वर येणारी पट्टी जवळजवळ थांबली. तिच्याच शेजारी बॅजची टिक आहे, म्हणजे बटणावर न वाचलेल्या मेसेजचा आकडा दाखवणारी. ती ठेवली तरी चालते.

या टिकेचा तोटाही सांगतो, कारण तो मला महत्त्वाचा वाटतो. हाक बंद केली म्हणजे काम संपलं असं नाही. मागं "सेव्ह करायचं का?" विचारणारी खिडकी उभी असेल तर ती आता तुम्हाला दिसणार नाही. प्रिंट निघत नाही म्हणून तुम्ही केबल हलवत बसाल आणि मागं खिडकी "कागद संपला" म्हणून उभी असेल. ही टिक काढली असेल तर काही अडलं की आल्ट दाबून टॅब दाबायचं आणि उघड्या खिडक्यांवर नजर फिरवायची, हे अंगवळणी पाडून घ्या.

विंडोज १० मध्ये असं एकच बटण नाही. तिथं प्रत्येक प्रोग्रामच्या घरात जाऊन सांगावं लागतं. चॅटच्या ॲपवर पार्टी मॅटर पाठवते, त्यामुळे ते दिवसभर उघडं असतं. त्याच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन बंद करा, किंवा काम चालू असताना घड्याळाजवळच्या चिन्हावरून ते पूर्ण बंद करा. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून अशी काही ॲप्स बंद होत नाहीत, मागं चालूच राहतात आणि तिथूनच हाक मारतात. प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये शाईची सूचना बंद करायची टिक बहुतेक वेळा असते, ती शोधा.

बरेच जण "डू नॉट डिस्टर्ब" किंवा विंडोज १० मधलं "फोकस असिस्ट" चालू करतात आणि फरक पडला नाही म्हणून वैतागतात. त्यानं कोपऱ्यात सरकत येणाऱ्या सूचना थांबतात. बटण लुकलुकणं हा वेगळा मार्ग आहे, तो त्यानं बंद होत नाही.

आता लाइटचं. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि इन्व्हर्टरची बॅटरी जुनी असेल तर मशीन बंद पडतंच. परत चालू झालं की विंडोजबरोबर उघडणारे सगळे प्रोग्राम एकदम जागे होतात: चॅट, प्रिंटर, अपडेट बघणारे दोन-तीन. ताईंकडे त्यातला एक अपडेटर दर वेळी परवानगी मागायचा. ती परवानगीची खिडकी पुढं न येता टास्कबारवर ढालीच्या चिन्हाचं बटण होऊन लुकलुकत राहायची, आणि पट्टी वर. म्हणजे लाइट गेली की त्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत पट्टीचा त्रास हमखास. ताईंना वाटत होतं, लाइटच्या झटक्यानं मशीन बिघडलंय.

याचा इलाज: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात "स्टार्टअप" नावाचा भाग आहे. मशीनबरोबर उघडणाऱ्या प्रोग्रामची यादी तिथं मिळते. जे सकाळी सकाळी लागत नाही त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. प्रोग्राम उडत नाही, फक्त आपणहून उघडत नाही. अँटिव्हायरसला आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राच्या सर्व्हिसला मात्र हात लावू नका. सेवा केंद्रवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ठसाच लागणार नाही.

कडेला टेकणारा माउस

दुसरं कारण पूर्णपणे हाताचं. १९५४ साली पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माणसाचा हात एखाद्या लक्ष्यापर्यंत किती लवकर पोचतो याचा नियम मांडला: लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका वेळ कमी. पडद्याची कड या हिशेबात फार मोठं लक्ष्य ठरते, कारण बाण तिच्या पलीकडे जाऊच शकत नाही. जोरात ढकला, तो कडेवर येऊन थांबणारच. टास्कबार कडेला ठेवण्यात सोय आहे ती हीच. आणि नको असताना तो हाताला लागतो तोही याचमुळे. खालच्या कडेजवळचं काहीही धरायला गेलात की बाण थोडा पुढं जातो आणि थेट त्या रेघेवर टेकतो.

कोरलड्रॉत खालच्या कडेला काय आहे? स्टेटस बार, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात फिल आणि आउटलाइनचे दोन छोटे चौकोन. रंग बदलायचा म्हणून आपले ऑपरेटर सगळे तिथं डबल क्लिक करतात. बाण तिथं गेला की पट्टी वर येते, चौकोन झाकले जातात, आणि क्लिक पडतं घड्याळावर. कॅलेंडर उघडतं. ताईंकडे एका तासात हे पाच वेळा झालं. त्यांना वाटत होतं, कॅलेंडरचं वेगळंच काही लफडं आहे.

इथं सेटिंगपेक्षा कीबोर्ड जास्त कामाला येतो. वस्तू निवडून शिफ्ट आणि एफ ११ दाबलं की साध्या रंगाची खिडकी उघडते. नुसतं एफ ११ ग्रेडियंटसाठी, एफ १२ आउटलाइनसाठी. पानं बदलायला पेज अप, पेज डाउन. खालच्या टॅबपर्यंत माउस न्यायची गरजच उरत नाही. एक्सेलमध्ये शीट बदलायला कंट्रोलबरोबर पेज अप, पेज डाउन. रंगांची पट्टी कुणी खाली आडवी लावून घेतली असेल तर ती उजव्या बाजूला उभी लावा. ताईंना दोन दिवस जड गेलं, मग हात बसला, आणि आता त्या चौकोनांकडे जातच नाहीत.

दुसरा उपाय साधाच आहे आणि कुणी करत नाही. खिडकी मॅक्सिमाइज करू नका. वर उजवीकडच्या मधल्या बटणानं ती थोडी लहान करा आणि खालची किनार पडद्याच्या कडेपासून अर्धा बोट वर ठेवून बाकी सगळीकडं ताणून घ्या. थोडी जागा जाते, पण टास्कबार कायम ठेवल्यावर जाते त्यापेक्षा कमी, आणि बाणाला चुकायला जागा मिळते.

टाइप करताना माउस खाली सारून ठेवायची सवयही बघा. अक्षरांवर बाण नको म्हणून आपण तो पार खाली ढकलतो. तो रेघेवर पडून राहिला की पट्टीही वरच राहते. बाण उजव्या बाजूला, उंचीच्या मधोमध सोडत जा. आणि माउस काचेवर किंवा चकचकीत सनमायकावर असेल तर खाली एक जुनं पुठ्ठं तरी टाका. ऑप्टिकल माउसला गुळगुळीत चमकणारा पृष्ठभाग नीट वाचता येत नाही. हात न लावताही बाण सरकतो, आणि सरकत सरकत कडेला जातो.

विंडोज १० वाल्यांकडे आणखी एक पर्याय आहे: टास्कबारची बाजूच बदलायची. टास्कबार सेटिंग्जमध्ये "टास्कबार लोकेशन ऑन स्क्रीन" मध्ये डावी, वरची, उजवी, खालची अशी निवड मिळते. कुठली बाजू घ्यायची ते तुमच्या कामावर आहे. कोरलड्रॉवाल्यांनी वरची घ्यावी, कारण डावीकडे टूलबॉक्स, उजवीकडे रंग, खाली चौकोन. वरच्या कडेला फक्त खिडकीचं नाव आणि फुली आहे, तिकडे दिवसातून किती वेळा जातो आपण? सेवा केंद्रवाल्यांना वरची बाजू चालत नाही, कारण ब्राउझरचे टॅब वर असतात. त्यांना डावी.

पाथरीजवळच्या एका केंद्रावरच्या भाच्याला मी डावीच लावून दिली. जुलैत पीक विम्याचे अर्ज चालू असतात, बाहेर उन्हात नाहीतर भुरभुर पावसात माणसं सातबारा हातात घेऊन उभी. अर्ज भरून "पुढे" चं बटण दाबायला गेला की ते पानाच्या तळाशी, पट्टी वर, क्लिक भलत्याच चिन्हावर. दुसरी खिडकी उघडायची, ती मिटवून परत येईपर्यंत कधी कधी वेळ संपून पान लॉगआउट झालेलं. मग नाव, गट नंबर, क्षेत्र, खातं, सगळं पुन्हा. समोरच्या माणसाची रोजी बुडत असते. तिथं ही पट्टी किरकोळ गोष्ट नाही. भाच्याला एवढंही दाखवलं की कंट्रोलबरोबर वजाचं चिन्ह दाबलं की पान लहान होतं आणि बटण वर सरकतं, आणि रकान्यांतून टॅबनं पुढं जात राहिलं तर बटणावर पोचून एंटर मारता येतो, माउस लागतच नाही.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा बाजू बदलायची ही सोय काढून टाकलेली होती. आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे केवळ या सोयीसाठी १० वर थांबून राहा असं मी कुणाला सांगणार नाही, विशेषतः ज्या मशीनवर लोकांचे आधार नंबर आणि बँक खाती टाइप होतात तिथं.

आल्ट शेजारची की

हे कारण मला आधी सुचलंच नव्हतं, शेजारी बसलो म्हणून दिसलं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरं आल्ट धरून चार आकडे दाबून काढावी लागतात. डीटीपीवाल्यांचा डावा अंगठा दिवसभर आल्टवर असतो. आल्ट आणि कंट्रोलच्या मधे कोण? विंडोजची की. अंगठा जरा डावीकडे गेला की स्टार्ट मेन्यू उघडतो, त्याच्याबरोबर पट्टी वर, आणि पुढचे आकडे स्टार्टच्या शोधपट्टीत टाइप होतात.

काही कीबोर्डवर ही की बंद करायचं बटण असतं, एफएन धरून दाबायचं. नसेल तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं फुकट साधन आहे. त्यात कीबोर्ड मॅनेजर आहे, त्यात डावी विंडोज की निवडून समोर "डिसेबल" ठेवायचं. मग स्टार्ट मेन्यू कसा उघडायचा? कंट्रोल आणि एस्केप एकत्र दाबा, तो विंडोजच्या कीशिवाय उघडतो.

अडकलेला टास्कबार

यावर फार बोलण्यासारखं नाही. कधी कधी बटण लुकलुकत नाही, माउसही खाली नाही, तरी पट्टी हलत नाही. आधी तुमच्या कामाच्या खिडकीत मधोमध एक क्लिक करा. स्टार्ट मेन्यू उघडून मिटवल्यावर लक्ष टास्कबारवरच अडकून राहतं, तेवढ्या क्लिकनं ते सुटतं. नाही सुटलं तर टास्क मॅनेजर उघडा, यादीत "विंडोज एक्सप्लोरर" शोधा, राइट क्लिक, रिस्टार्ट. पडदा क्षणभर रिकामा दिसेल, घाबरू नका, टास्कबार नव्यानं उभा राहतो. कोरलड्रॉ, ब्राउझर चालूच राहतात. पण पेनड्राइव्हवर फाइल कॉपी होत असेल तर ती पूर्ण होऊ द्या, कारण कॉपीचं ते काम याच एक्सप्लोररकडे असतं आणि मधेच तुटतं. उघडी फोल्डरंही मिटतात.

हे रोज करावं लागत असेल तर तुमचं कारण हे नाही. वर जाऊन हाक मारणारा शोधा.

बाहेरची साधनं

बाण कडेला टेकल्यावर अर्धा सेकंद थांबून मगच वर ये, असं विंडोजच्या टास्कबारला सेटिंगमधून सांगता येत नाही. ही उणीव मला खरंच खटकते. लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट सिस्टीमच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये पॅनल, म्हणजे तिथला टास्कबार, किती मिलिसेकंदांनी दिसावं आणि किती मिलिसेकंदांनी लपावं हे आकडे टाकता येतात. तिथं दिसायचा वेळ थोडा वाढवला की चुकून टेकलेल्या बाणानं पॅनल येत नाही.

विंडोजवर असं काही हवं असेल तर बाहेरचं साधन लागतं. विंडहॉक नावाचं एक फुकट साधन आहे. त्यात छोटे छोटे बदल वेगवेगळे घेता येतात, आणि लपलेला टास्कबार फक्त कीबोर्डनं वर यावा, माउसनं येऊच नये, असाही एक बदल त्यात आहे. बटरी टास्कबार नावाचं दुसरं साधन स्टार्ट उघडेपर्यंत टास्कबार दिसूच देत नाही. पत्रिका, बॅनर, बिलबुकं करणाऱ्या मशीनवर मी हे बसवायला हरकत घेत नाही, फक्त ज्यानं बनवलंय त्याच्याच पानावरून घ्या, कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलेलं नको. सेवा केंद्राच्या मशीनवर मात्र नको म्हणतो. विंडोजच्या आत हात घालणारं साधन तिथं नसलेलं बरं. लोक आपला आधार आणि पासबुक विश्वासानं तुमच्यापुढं ठेवतात. शिवाय विंडोजचं मोठं अपडेट आलं की अशी साधनं काही दिवस बंद पडू शकतात, आणि ते नेमकं गर्दीच्या दिवशी व्हायचं.

ताईंकडे मी बाहेरचं काहीच टाकलं नाही. लुकलुकण्याची टिक काढली, स्टार्टअपमधले चार प्रोग्राम बंद केले, डावी विंडोज की बंद केली, माउसखाली पुठ्ठं टाकलं, आणि एका कागदावर एफ ११, एफ १२, पेज अप, पेज डाउन लिहून मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवलं. अपडेटर तेवढा ठेवला, कारण ते अपडेट लागतं. आता लाइट गेल्यावर मशीन परत चालू झालं की ताई आधी आल्ट-टॅब करून बघतात, परवानगीची खिडकी उभी असली तर तिच्यावरचं नाव वाचून हो म्हणतात, आणि मग पत्रिका उघडतात.